कॅप्सूल की पालेभाजी? आधी यकृताची कोठी बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "बालआरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. आम्ही ज्या भागात काम सुरू करतोय तिथे लहान मुलं जुलाबाने आणि गोवराने दगावतात. दिवस मावळला की काही मुलं चाचपडत चालतात, असं आया सांगतात. संस्थेत दोन तट पडलेत. काहींच्या मते व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल म्हणजे नुसती मलमपट्टी, त्यापेक्षा आयांना गाजर आणि पालेभाज्यांचं महत्त्व पटवा. बाकीचे म्हणतात, आधी कॅप्सूल. त्यात तिथले डॉक्टर सांगतात की डोळे बिघडलेली मुलं दवाखान्यात फारशी येतच नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? कुणाचं ऐकावं?"

आधी डॉक्टरांच्या शंकेचं बघू, कारण बाकीचं उत्तर तिच्यावरच उभं आहे. दवाखान्यात आलेले डोळे मोजून या कमतरतेचा अंदाज येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ ते २००५ या काळातल्या पाहण्यांवरून काढलेला हिशोब असा: रक्तात व्हिटॅमिन ए कमी असलेली शाळेआधीच्या वयाची मुलं सुमारे १९ कोटी, त्यांतली रातांधळी सुमारे ५२ लाख. म्हणजे अंधारात चाचपडणाऱ्या एका मुलामागे कमतरता असलेली पस्तीसेक मुलं दिवसाउजेडी धडधाकट दिसत हिंडत असतात. आयांनी सांगितलेली ती चाचपडणारी मुलं म्हणूनच फार महत्त्वाची खूण आहे. ती किरकोळ समजू नका.

असं का होतं? व्हिटॅमिन ए चा बहुतेक साठा यकृतात असतो. तिथून ते एका विशिष्ट प्रथिनाला जोडून गरजेपुरतं रक्तात सोडलं जातं. कोठीत धान्य आहे तोवर घरात रोज तेवढ्याच भाकऱ्या होतात, तसं साठा तळाला जाईपर्यंत रक्तातली पातळी फारशी हलत नाही. ती घसरली म्हणजे कोठी जवळपास रिकामी झाली. मग एकीकडे मंद प्रकाशात बघण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात लागणारं रंगद्रव्य पुरेसं तयार होत नाही. दुसरीकडे आतडं, श्वासनलिका आणि डोळा यांचं ओलसर अस्तर कोरडं आणि खरखरीत होऊ लागतं. जंतूंना अडवणारी पहिली भिंत तीच. त्याच सुमाराला रोगप्रतिकारशक्तीही ढिली पडते. मूल जुलाबाने किंवा गोवराने जातं, मृत्यूच्या नोंदीत तोच आजार लिहिला जातो आणि कमतरतेचं नाव कुठेच येत नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते इंडोनेशियात. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डोळ्यांच्या आजाराचा अभ्यास करताना आढळलं, की नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सौम्य कोरडेपणा असलेली मुलं इतर मुलांच्या सरासरी चौपट दराने मरत होती. हे १९८३ साली प्रसिद्ध झालं. पुढे तिथल्याच आचे प्रांतात सहा-सहा महिन्यांनी मोठा डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी आढळले (१९८६). तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. नेपाळ, घाना, भारत, सुदान इथे पुन्हा अभ्यास झाले. सगळ्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत, पण १९९३ मध्ये ते एकत्र मांडले तेव्हा घट सुमारे २३ टक्के निघाली.

तुमच्या संस्थेत कुणीतरी नंतरच्या एका अभ्यासाचं नाव काढेल, म्हणून तेही सांगतो. उत्तर भारतात सुमारे १० लाख मुलांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रचंड अभ्यास मृत्यूत फक्त ४ टक्के घट दाखवतो, आणि तीही योगायोगाने दिसली असावी इतकी थोडी. तो धरून सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर फायदा १२ टक्क्यांच्या आसपास येतो. आमचं वाचन असं: जिथे गोवराची लस जवळपास सगळ्या मुलांना मिळते आणि जुलाबावर वेळेत उपचार होतात, तिथे कॅप्सूलने वाचवायचे मृत्यूच कमी उरतात. तुमच्या पत्रातलं वर्णन नेमकं याच्या उलट आहे. तिथे हा वाद घालत बसू नका.

आता कॅप्सूल विरुद्ध आहार. आकडे कागदावर मांडले की या भांडणातला जोर जातो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला रोज साधारण ४०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए लागतं. २ लाख आययूच्या (आययू म्हणजे व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) डोसात ६०,००० मायक्रोग्रॅम असतं. भागाकार केला तर १५० दिवस. सगळंच अंगी लागत नाही आणि जुलाब चालू असतील तर आणखी कमी शोषलं जातं, म्हणून डोस दर चार ते सहा महिन्यांनी. कॅप्सूल म्हणजे कोठीत एकदम ओतलेलं पोतं. आहार म्हणजे रोजची भर. पोतं ओतायला एका मुलामागे एक मिनिट लागतं. रोजची भर घालण्याची घरोघरची सवय बदलायला काही वर्षं लागतात, आणि या वर्षी दोन वर्षांचं असलेलं मूल तेवढं थांबू शकत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून कॅप्सूल आणि पहिल्या महिन्यापासूनच आहाराचं काम. आहार रुळेपर्यंत कॅप्सूल थांबवायची नाही.

डोस असे. ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख आययू, एकदाच. १२ ते ५९ महिन्यांच्या मुलाला २ लाख आययू, दर ४ ते ६ महिन्यांनी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सरसकट देऊ नका. नवजात बाळांना आणि बाळंतिणींना मोठा डोस देण्याची शिफारसही जागतिक आरोग्य संघटना करत नाही. गरोदर बाईला तर हा डोस चुकूनही जाता कामा नये, कारण पहिल्या महिन्यांत जास्तीचं रेटिनॉल (म्हणजे तयार व्हिटॅमिन ए) गर्भात व्यंग निर्माण करू शकतं. कमतरता गंभीर असलेल्या भागात गरोदर बायांसाठी मर्यादा रोज १०,००० आययू किंवा आठवड्याला २५,००० आययू अशी आहे, आणि तेही तिथल्या आरोग्ययंत्रणेच्या देखरेखीत.

प्रत्यक्ष देताना गडबड होते ती इथे. वाटपासाठी येणाऱ्या कॅप्सूलमध्ये सहसा निळी १ लाखाची आणि लाल २ लाखांची असते, तरी रंगावर विसंबू नका, डब्यावरचा आकडा रोज सकाळी वाचा. कॅप्सूलला एक चिमुकलं टोक असतं. ते स्वच्छ कात्रीने कापायचं, मुलाचं तोंड उघडं असताना अंगठा आणि तर्जनीने दाबून आतलं सगळं तेल जिभेवर पिळायचं, आणि मुलाने गिळलं हे बघूनच पुढच्या मुलाकडे वळायचं. लहान मुलाला अख्खी कॅप्सूल गिळायला देऊ नका, घशात अडकते. मूल आक्रोश करत असेल तर नाक दाबून ओतायचं नाही, तेल श्वासनलिकेत जातं. आईच्या मांडीवर जरा शांत होऊ द्या. निळ्या कॅप्सूल संपल्या म्हणून लाल कॅप्सूलमधलं अर्धं तेल अंदाजाने बाळाला देण्याचा मोह होतो. तेव्हा थेंब मोजायचे असतील तर ते दुपारच्या गर्दीत नाहीत. त्या खेपेतल्या एका लाल कॅप्सूलमधून किती थेंब निघतात ते आदल्या दिवशी नीट मोजून निम्मे ठरवा आणि ते वहीत लिहून ठेवा. सिरप वापरत असाल तर बाटलीबरोबर आलेल्या चमच्याशिवाय दुसरं कुठलंच माप जवळ ठेवू नका. आधीच्या एखाद्या औषधाची वाटी हाताशी असते, कुणीतरी तीच भरतं आणि मुलाला दुप्पट-तिप्पट डोस जातो.

साठवण सोपी आहे, पण दुर्लक्षित. व्हिटॅमिन ए ला ऊन आणि हवा सोसत नाही. डबा सावलीत, थंड जागी, झाकण घट्ट. गोठवायची गरज नाही. फोडल्याची तारीख डब्यावर लिहा.

डोसानंतर काही मुलांना दिवसभर उलटी, डोकेदुखी किंवा भूक न लागणं होतं. बाळाची टाळू थोडी फुगलेली दिसू शकते. बहुतेकदा हे एक-दोन दिवसांत ओसरतं. आईला हे आधी सांगा. न सांगितल्यास पुढच्या फेरीला ती येणार नाही आणि शेजारणीलाही येऊ देणार नाही. दोन मोठ्या डोसांत किमान एक महिन्याचं अंतर हवं, म्हणून प्रत्येक मुलाच्या कार्डावर तारीख हवीच. कार्ड हरवलं असेल तर विचारा: "मागच्या महिन्याभरात अशा तेलाचे थेंब कुणी पाजले का?" आणि कापलेली कॅप्सूल हातात धरून दाखवा. नुसतं "व्हिटॅमिन दिलं का" विचारलं तर आई कुठल्याही औषधाला हो म्हणते.

आजारी मुलाचे नियम वेगळे, तिथे महिन्याच्या अंतराचा विचार करायचा नाही. रातांधळेपणा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा दिसणारा बिटॉटचा ठिपका, किंवा बुबुळावर धूसरपणा दिसला तर त्याच दिवशी एक डोस, दुसऱ्या दिवशी दुसरा, दोन आठवड्यांनी तिसरा. प्रत्येक डोस वयानुसार: सहा महिन्यांखाली ५०,००० आययू, ६ ते ११ महिने १ लाख, त्यापुढे २ लाख. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस, आणि डोळ्याची लक्षणं असतील तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा. अतितीव्र कुपोषणासाठी उपचारात्मक आहारावर असलेल्या मुलाला त्या आहारातूनच व्हिटॅमिन ए मिळतं. त्याला मोठे डोस फक्त डोळ्याची लक्षणं किंवा गोवर असेल तरच. रातांधळेपणा किंवा बिटॉटचे ठिपके असलेल्या प्रजननवयातल्या बाईला गरोदर बायांसाठी वर सांगितलेलेच छोटे डोस, कारण ती गरोदर असू शकते.

बुबुळ धूसर, खरखरीत किंवा मऊ पडलेलं दिसलं तर घड्याळ सुरू झालं समजा. एक-दोन दिवसांत बुबुळ वितळून डोळा कायमचा जाऊ शकतो. पहिला डोस जागेवर, प्रतिजैविक मलम हलक्या हाताने, डोळा न दाबता झाकायचा आणि मूल थेट रुग्णालयात. मलमात स्टेरॉइड नाही ना, हे नळीवर वाचून बघा. चिठ्ठी देऊन "उद्या जा" म्हणायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अंदाजानुसार या कमतरतेने दर वर्षी अडीच ते पाच लाख मुलं आंधळी होत आणि त्यांतली निम्मी वर्षभरात दगावत.

बिटॉटच्या ठिपक्यांबद्दल एक खुलासा. मोठ्या मुलांत कोठी भरल्यावरही ते कधी कधी तसेच राहतात. उपचार वाया गेले असं समजून डोस वाढवू नका. रातांधळेपणा मात्र पहिल्या डोसानंतर काही दिवसांतच सुटतो. आई स्वतःहून सांगते की काल अंधार पडल्यावर पोरगं न अडखळता चाललं. गावाला पटवायला तेवढं पुरतं.

आता आहार. "पालेभाज्या आणि गाजर" हा सल्ला अर्धवट आहे. वनस्पतींत तयार व्हिटॅमिन ए नसतं, कॅरोटीन असतं आणि शरीर त्यातून ते बनवतं. आजच्या हिशोबाने अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए हाती लागतं. इंडोनेशियातल्याच एका अभ्यासात (प्रसिद्धी १९९५) स्तनदा मातांना बारा आठवडे रोज गडद हिरव्या पालेभाज्या दिल्या, आणि त्यांच्या रक्तातली पातळी हलली नाही. तेवढंच कॅरोटीन बिस्किटातून दिलेल्या मातांची पातळी वाढली. पानांत कॅरोटीन पेशींच्या आत घट्ट अडकलेलं असतं, ते बाहेर काढणं आतड्याला जड जातं. पिकलेली पिवळी-नारिंगी फळं, गाजर, नारिंगी भोपळा, नारिंगी गराचं रताळं यांतलं कॅरोटीन त्या मानाने सहज मिळतं.

म्हणून आयांना नुसतं नाव सांगू नका, रीत दाखवा. भाजी मऊ शिजवून बारीक कुस्करायची आणि मुलाच्या वाटीत चमचाभर तेल घालायचं. चरबीशिवाय कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. नारिंगी गराचं उकडलेलं रताळं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खाल्लं तर लहान मुलाची दिवसाची गरज भागू शकते. मोझांबिक आणि युगांडात हे वाण पसरवण्याचं काम आणि पिकांतच पोषक घटक वाढवण्याची कल्पना यांसाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार दिला गेला. पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र हा गुण जवळपास नाही, आणि बियाणं वाटताना नेमकी इथेच चूक होते. प्राणिजन्य पदार्थांत तयार रेटिनॉल असतं: एका अंड्यात ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या ३० ग्रॅम यकृतात सुमारे १००० म्हणजे अडीच दिवसांची गरज. ज्या घरात हे पदार्थ चालतात आणि परवडतात तिथे मुलाला आठवड्यातून एकदा एवढासा तुकडाही मोठा आधार आहे. यकृत रोज मात्र नको, आणि गरोदरपणात तर ते टाळलेलंच बरं.

सगळ्यात लहान मुलांचा आहार म्हणजे आईचं दूध. पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक व्हिटॅमिन ए ने समृद्ध असतो. तो पिळून टाकण्याची पद्धत जिथे असेल तिथे ती सुटली, तर एक कॅप्सूलही न वापरता फरक पडतो.

तेल, साखर किंवा पिठात व्हिटॅमिन ए मिसळणं हा तिसरा मार्ग संस्थेच्या हातातला नाही, पण माहीत असावा. ग्वाटेमालाने १९७० च्या दशकात साखरेत ते मिसळायला सुरुवात केली. यात दोन गोष्टी बिघडतात. पारदर्शक बाटलीतलं तेल उन्हात राहिलं की त्यातलं व्हिटॅमिन ए नष्ट होतं. आणि दीड वर्षाचं मूल तेल-साखर खातं तरी किती?

कामाआधी मोजणी करा. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्न, आणि तो २४ ते ५९ महिन्यांच्या मुलांबद्दल विचारायचा, कारण त्याहून लहान मूल अंधारात फारसं चालतच नाही. आधी दिवसा दिसण्यात अडचण आहे का, मग संध्याकाळी आहे का, मग ती इतर मुलांहून वेगळी आहे का, आणि शेवटी तिथल्या बोलीतला शब्द वापरून. तो शब्द आधी शोधून काढा. इंडोनेशियात याला 'कोंबडीचं आंधळेपण' अशा अर्थाचा शब्द आहे, कारण कोंबडीला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. बहुतेक भाषांत असा एखादा घरगुती शब्द सापडतो आणि तो वापरला की आई लगेच ओळखते. या वयातली १ टक्का किंवा जास्त मुलं रातांधळी निघाली, तर कॅप्सूलचा कार्यक्रम हवा. शेवटच्या गरोदरपणात संध्याकाळी दिसत नव्हतं असं सांगणाऱ्या आया ५ टक्के किंवा जास्त असतील तर तेही कमतरतेचंच लक्षण. रक्ततपासणी शक्य असेल तर मर्यादा लिटरमागे ०.७० मायक्रोमोल रेटिनॉल. २० टक्के किंवा जास्त मुलं त्याखाली असतील तर प्रश्न गंभीर. फक्त तापाच्या साथीत रक्त घेऊ नका. संसर्गात रेटिनॉल वाहणारं प्रथिन कमी होतं आणि आकडा खोटा खाली दिसतो. सोबत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन) मोजून तो दुरुस्त करता येतो.

कामाचं मोजमाप करताना किती कॅप्सूल संपल्या हे लिहू नका. वर्षात दोन्ही डोस मिळालेली मुलं किती, हे लिहा, आणि ती ८० टक्क्यांच्या खाली असतील तर राहिलेली मुलं कोण ते शोधा. ती सहसा ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, कामासाठी जागा बदलणाऱ्या कुटुंबांतली, लसही चुकलेली असतात. कोठी सर्वांत रिकामी त्यांचीच. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून अनेक देशांत पोलिओच्या मोहिमेबरोबर घरोघर हे थेंब दिले जात. त्या मोहिमा आटल्या तिथे व्हिटॅमिन ए चं वाटपही घसरलं. म्हणून दुसऱ्याच्या मोहिमेवर विसंबू नका. सहाव्या महिन्याची भेट आणि त्यानंतर वर्षातून सहा महिन्यांच्या अंतराने दोन ठरलेले आठवडे, असं स्वतःचं वेळापत्रक बांधा.

थांबायचं कधी, हेही आत्ताच ठरवून ठेवा. झांबियात साखरेत व्हिटॅमिन ए होतं, कॅप्सूलही चालू होत्या. तिथल्या एका भागात आंब्याच्या हंगामात मुलांची कातडी पिवळी दिसू लागली, आणि तपासलेल्या अनेक मुलांच्या यकृतातला साठा गरजेहून जास्त निघाला. तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी तोच रातांधळेपणाचा प्रश्न पुन्हा विचारा, शक्य तिथे रक्त तपासा, आणि त्या भागात मिश्रित तेल किंवा साखर आली आहे का याची नोंद ठेवा. कमतरता २० टक्क्यांच्या खाली आणि रातांधळेपणा १ टक्क्याच्या खाली आहे हे पाहणीत दिसलं आणि आहारातून पुरेसं मिळतंय याची खात्री झाली, की तिथल्या आरोग्यखात्याशी बोलून डोस कमी करत न्या. तोवर पुढच्या फेरीची तारीख प्रत्येक मुलाच्या कार्डावर लिहिलेली हवी.